पोहण्याच्या हौदाचे पाणी सूर्याच्या उष्णतेवर ऊन ठेवण्याची रीत

शेतीस जोडधंदा म्हणून कृषी पर्यटनाचा प्रसार आपल्या प्रांती बराच झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली यासंबंधीचे धोरण मंजूर केले आणि ज्यांच्यापाशी शहराजवळ थोडीबहुत जमीन व राहण्याजोगे घर आहे अशा पुष्कळ शेतकऱ्यांचे लक्ष या धंद्याकडे वळले. पाहुण्यांसाठी चार खोल्या, चुलीवरचे जेवण, बैलगाडीची रपेट आणि मुलांसाठी पोहण्याचा एक हौद, एवढी सोय आता बहुतेक ठिकाणी आढळते. परंतु या धंद्यात एक विसंगती आहे. पाहुण्यांची खरी गर्दी हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असते. आणि नेमक्या याच दिवसांत हौदाचे पाणी इतके गार असते की मुले पाय बुडवून परत फिरतात. लाखो रुपये घालून बांधलेला हौद ऐन हंगामात नुसता पाहण्यापुरता उरतो.

अशा वेळी पाणी तापविण्याची यंत्रे विकणारे लोक दारी येतात व मालक यंत्राच्या किमतीचा विचार करू लागतो. आमचे सांगणे असे की, यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा. हौदाच्या पाण्यावर सूर्याची उष्णता रोज फुकट पडत असते. ती राखावी कशी हा पहिला प्रश्न, आणि तिच्यात भर घालावी कशी हा दुसरा. हा क्रम ज्याने उलटा केला त्याचा पैसा वाफेबरोबर आकाशात गेला असे समजावे. हा क्रम असाच का, हे हिशेबानिशी दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

उष्णतेचा जमाखर्च

हिशेबासाठी आपण दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटरास किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर खोल असा हौद घेऊ. त्याचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर आणि त्यात पाणी ६०,००० लिटर. एक लिटर पाणी एक अंश सेंटिग्रेडने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हा हा हौद एका अंशाने तापविण्यास ६०,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे ७० युनिट उष्णता हवी.

थंडीच्या दिवसांत दख्खनच्या पठारावर उघड्या हौदाचे पाणी दिवसरात्रीच्या सरासरी हवेच्या जवळपास, म्हणजे वीस-एकवीस अंशांवर येऊन राहते. मुलांना व सामान्य माणसांना पोहण्यास सुखाचे पाणी २८ अंशांच्या आसपास असावे लागते. म्हणजे सात अंशांची चढण आहे. त्यास ४९० युनिट लागतील. साध्या विजेच्या हीटरने हे काम करावयाचे, व वीज दहा रुपये युनिट धरली, तर एकदा पाणी चढविण्यासच ४,९०० रुपये खर्चावे लागतील. आणि तापलेले पाणी तसेच टिकणार नसल्याने रोजचा खर्च पुन्हा निराळा.

आता जमेची बाजू पाहू. हिवाळ्यातही आपल्याकडे आकाश निरभ्र असते व सपाट जागेच्या प्रत्येक चौरस मीटरावर दिवसाकाठी सुमारे साडेचार युनिट सूर्याची उष्णता पडते. पन्नास चौरस मीटरांवर ती सव्वादोनशे युनिट होते. त्यातील काही भाग पृष्ठभागावरून व तळावरून परावर्तन पावतो. तरी पाऊण हिस्सा पाण्यात मुरतो असे धरले तर १७० युनिट, म्हणजे जवळजवळ अडीच अंशांची उष्णता, रोज विनामूल्य जमा होते. असे असता पाणी दिवसेंदिवस चढत का नाही? कारण तितकाच खर्च दुसऱ्या बाजूने चालू असतो.

हा खर्च कोणता, हे ज्याच्या घरी पाण्याचा माठ आहे त्यास सांगावयास नको. माठातील पाणी गार होते ते मातीच्या गुणाने नव्हे. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते व उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते म्हणून. हौद हा एक मोठा उघडा माठच होय. या तापमानास एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. आपल्या हौदावरून केवळ एक मिलिमीटर पाणी उडाले तर ते ५० लिटर भरते व २९,००० किलोकॅलरी घेऊन जाते; म्हणजे उरलेले सारे पाणी जवळजवळ अर्ध्या अंशाने गार होते. वाचकांनी हा एकच आकडा ध्यानात ठेवला तरी पुरे: या खोलीच्या हौदात उडालेल्या प्रत्येक मिलिमीटरास अर्धा अंश. उथळ हौदात तोटा याहून अधिक व खोल हौदात कमी.

ऊन पाणी व कोरडी हवा असली म्हणजे हिवाळ्यातही दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडते. वारा असल्यास त्याहूनही अधिक. पाच मिलिमीटर धरले तरी २५० लिटर पाणी आणि जवळजवळ अडीच अंश उष्णता रोज जाते. याखेरीज रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकली जाते व थोडी थंड हवेस मिळते. तळ व भिंती यांतून जमिनीत जाणारी उष्णता मात्र फारच थोडी असते. उघड्या हौदाच्या एकंदर तोट्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास तोटा एकट्या वाफेचा असतो. म्हणून भिंती जाड करून किंवा तळास अस्तर घालून जो फायदा होईल त्याच्या कितीतरी पट फायदा पाण्याचे तोंड झाकल्याने होतो.

पहिले काम: झाकण

भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले म्हणजे सरपण कमी लागते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. हौदासही तोच न्याय. यासाठी बाजारात फुगेदार प्लास्टिकचे आच्छादन मिळते. त्याच्या एका बाजूस हवेचे बारीक फुगे असतात. ती बाजू पाण्याकडे करून ते पाण्यावर तरंगत ठेवावयाचे असते. हौदाच्या आकाराप्रमाणे ते कात्रीने कापता येते. नीट बसलेले आच्छादन वाफेचा नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक तोटा थांबविते. पारदर्शक किंवा फिकट निळे घेतल्यास दिवसा त्यातून ऊनही पाण्यात उतरते. तेव्हा पोहणारे नसतील तेव्हा दिवसाही ते पसरून ठेवावे. काळे आच्छादन अधिक तापते हे खरे, परंतु ती उष्णता वरच्या थरातच राहते व वाऱ्याने निघून जाते. पाण्यास तिचा लाभ कमी होतो.

पॉलिहाऊसचा कागद शिल्लक आहे, तोच पसरू, असा विचार काहींच्या मनात येईल. तो करू नये. साधा कागद तरंगत नाही. कडा बुडतात, वर पाणी साचते, दोघांतिघांनी ओढल्याशिवाय तो निघत नाही, आणि त्याखाली कोणी सापडल्यास सुटणे कठीण होते. फुगेदार आच्छादनासोबत त्यास गुंडाळणारा रूळही घ्यावा. आच्छादन ओढण्यास दोन माणसे व अर्धा तास लागत असेल तर चार दिवसांत गड्यांना त्याचा कंटाळा येतो व ते कोपऱ्यात पडून राहते. रूळ असला म्हणजे एकट्यास पाच मिनिटांत काम उरकता येते, आणि जे काम सहज होते तेच रोज होते.

वारा आणि जागा

वाफ उडविण्यात वाऱ्याचा हात मोठा असतो. ओले धोतर वाऱ्यावर लवकर वाळते त्याप्रमाणेच हे आहे. हिवाळ्यात पठारावरील वारा बहुधा पूर्व व ईशान्य या दिशांकडून येतो. आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. हा योग सोयीचा आहे. हौदाच्या उत्तर व ईशान्य बाजूस मेंदीचे दाट कुंपण, कुडाची भिंत किंवा शेडनेटचा उभा पडदा केला तर वारा अडतो व हौदावर सावलीही पडत नाही. दक्षिणेस मात्र उंच झाड किंवा इमारत नसावी. हौदाकाठी बांबू, शेवगा किंवा पानगळीची इतर झाडे लावू नयेत. शोभेपेक्षा गाळणीतला पाला काढण्याचे काम अधिक होते. ज्यांना हौद अजून बांधावयाचा आहे त्यांनी या गोष्टी आधीच पाहाव्या; येथे विचारापलीकडे खर्च काहीच नाही.

काळी पॅनेले: त्यांचा इतिहास व तत्त्व

झाकण व आडोसा झाल्यावर जी तूट उरेल ती भरून काढण्यासाठी पॅनेलांचा विचार करावा. येथे पॅनेल म्हणजे वीज उत्पन्न करणारे नव्हे, तर ज्यातून पाणी फिरवून थेट तापविले जाते ते.

ही कल्पना नवी नाही. सूर्यकिरण आरशांनी एकवटून पाणी उकळण्याचे प्रयोग विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज गृहस्थाने खुद्द मुंबईत केले व त्यावरील त्याचे पुस्तक १८७८ साली तेथेच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प याने १८९१ साली सूर्यावर पाणी तापविण्याच्या पेटीचे पेटंट घेतले, आणि १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापणारा भाग व पाणी साठविणारी टाकी ही दोन वेगळी करून रात्रीही ऊन पाणी मिळण्याची सोय केली. परसात पोहण्याचा हौद असण्याची चाल त्याच मुलखात वाढली आणि १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर हौदाचे पाणी वायू जाळून तापविणे महाग झाले. तेव्हापासून अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत हौदासाठी काचेवाचूनची साधी काळी पॅनेले फार मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

काचेवाचूनची का, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरांच्या गच्चीवर अंघोळीच्या पाण्याचे जे सोलर असते त्यास साठ अंशांचे पाणी द्यावयाचे असते. बाहेरची हवा वीस-पंचवीस अंश व आतले पाणी साठ, असा मोठा फरक असता उष्णता बाहेर पळू पाहते. तिला अडविण्यास काच किंवा काचेच्या पोकळ नळ्या लागतात. हौदास हवे आहे ते केवळ २८ अंशांचे पाणी. आणि पठारावर जानेवारीतही भर दुपारी हवा त्याच सुमारास पोहोचते. पाणी व हवा यांत फरकच नसेल तर उष्णता पळेल कोठे? उलट काचेवरून जो प्रकाश परावर्तन पावून वाया जातो तोच तोटा शिल्लक राहतो. म्हणून या कामी महाग काचेच्या पॅनेलांपेक्षा काळ्या प्लास्टिकची किंवा रबराची उघडी पॅनेले सरस ठरतात. महाबळेश्वरासारख्या उंच, धुक्याच्या व वाऱ्याच्या जागी मात्र हा न्याय सर्वस्वी लागू पडत नाही. तेथे काचेची पॅनेले घेण्यास कारण आहे.

हे तत्त्व शेतकऱ्यास परके नाही. दुपारी शेतात उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून निघणारे पहिले पाणी हातास चटका देते. पॅनेल म्हणजे अशाच बारीक काळ्या नळ्या शेजारी शेजारी जोडून केलेला पट्टा होय.

क्षेत्र, दिशा व उतार

पॅनेलांचे क्षेत्र हौदाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून तितक्याच क्षेत्रापर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे. झाकण नियमाने घालणाऱ्यास कमी क्षेत्र पुरते. न घालणाऱ्यास पूर्ण क्षेत्र घेऊनही पाणी पुरेसे ऊन राहीलच असे नाही. आपल्या हौदास ४० चौरस मीटर घेतले असे समजू. पॅनेले दक्षिणाभिमुख व थोडी उभट बसविली असता हिवाळ्यात त्यांवर प्रत्येक चौरस मीटरास साडेपाच ते सहा युनिट ऊन मिळते. त्यापैकी निम्मे पाण्यात उतरले तरी दर चौरस मीटरास तीनप्रमाणे १२० युनिट, म्हणजे पाऊणेदोन अंशांची भर रोज पडते. झाकण असेल तर सात अंशांची चढण आठवड्याच्या आत पुरी होते व पुढे केवळ तूट भरावयाची राहते.

हिवाळ्याच्या कामासाठी उतार आपल्या गावच्या अक्षांशापेक्षा पंधरा अंशांनी अधिक ठेवावा. पुणे साडेअठरा, नाशिक वीस व नागपूर एकवीस अंशांवर आहे. तेव्हा ३३ ते ३६ अंशांचा उतार योग्य. गोठ्याचे किंवा गोदामाचे छप्पर दक्षिणेकडे उतरते असेल तर त्याच्याच उतारावर पॅनेले पसरली तरी चालतात; उतारातील थोड्या फरकाने मोठी हानी होत नाही, सावलीने मात्र होते. वळवाच्या वादळात छपराचे पत्रे उडतात तेथे पॅनेलेही उडतील, हे लक्षात घेऊन ती पट्ट्यांनी पक्की बांधावी.

जोडणी

हौदाचे पाणी गाळण्यासाठी पंप व गाळणी ही असतातच. पॅनेलांसाठी बहुधा निराळा पंप लागत नाही. पाण्याचा मार्ग असा ठेवावा: हौदातून पंपाकडे, पंपातून गाळणीत, गाळणीतून पॅनेलांत आणि पॅनेलांतून परत हौदात. गाळणीच्या आधी पॅनेले जोडल्यास बारीक नळ्या कचऱ्याने बुजतात. क्लोरीन सोडण्याचे साधन पॅनेलांच्या पुढे, परतीच्या वाटेवर असावे, म्हणजे तीव्र क्लोरीन पॅनेलांत जात नाही. गाळणीनंतर तीन तोंडांची एक झडप बसवावी. तिच्या योगाने पाणी पॅनेलांकडे वळविता येते किंवा परभारे हौदात सोडता येते. उलट प्रवाह रोखणारी झडप हवी, म्हणजे रात्री ऊन पाणी पॅनेलांत जाऊन थंड होत नाही. पॅनेलांच्या उंच टोकास हवा आत घेणारी झडप हवी, म्हणजे पंप थांबताच त्यांतील पाणी खाली उतरते व आत पोकळी होऊन नळ्या चिपटत नाहीत.

प्रवाह भरपूर ठेवावा. प्रत्येक चौरस मीटरास मिनिटाला चार लिटर हे प्रमाण चांगले. ४० चौरस मीटरांस १६० लिटर, म्हणजे तासाला ९,६०० लिटर पाणी होते, आणि साधारण सव्वासहा तासांत सारा हौद एकदा पॅनेलांतून फिरून येतो. गाळणीसाठी पाणी एवढ्याच वेगाने फिरवावे लागत असल्याने दोन्ही कामे एकाच पंपाने व एकाच विजेत होतात. छप्पर फार उंच असेल तर मात्र पंपाची ताकद आधी तपासून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅनेलांतून येणारे पाणी हातास जेमतेम दोन अंश ऊन लागते, म्हणून पुष्कळांस वाटते की यंत्र काम करीत नाही. मग ते झडप आवळून प्रवाह मंद करतात आणि कढत पाणी येऊ लागल्यावर समाधान पावतात. हे समाधान खोटे आहे. पॅनेल जितके तापेल तितकी त्याची उष्णता वाऱ्यास मिळेल. भर उन्हात पॅनेलास हात लावला असता ते गार लागले तर ते उत्तम चालले आहे असे समजावे; त्यातील उष्णता पाण्याने नेली, म्हणून ते गार आहे. थोडे पाणी फार तापविण्यापेक्षा पुष्कळ पाणी थोडे तापविणे हा या कामाचा मंत्र होय.

पंप केव्हा सुरू करावा? सकाळी नऊच्या सुमारास सुरू करून चारच्या सुमारास बंद करणे ही सोपी रीत. याहून चांगली रीत म्हणजे पॅनेल व हौद या दोहोंचे तापमान पाहणारा आपोआप चालणारा नियंत्रक. पॅनेल हौदाहून तीनचार अंशांनी तापले की तो पाणी तिकडे वळवितो व फरक संपला की थांबवितो. ढगाळ दिवशी हाताने चालविलेला पंप पाणी उलट थंड करीत बसतो. ते या साधनाने टळते.

ठिबकच्या नळ्यांचा उपयोग

आमच्या कित्येक वाचकांपाशी ठिबक सिंचनाच्या काळ्या सोळा मिलिमीटर नळ्या पडून असतील. त्यांचे पॅनेल करता येईल काय? येते, पण तीन अटींवर. पहिली, नळी भोके नसलेली, साधी असावी. आत तोट्या बसविलेली इनलाईन नळी चालणार नाही. दुसरी, क्षेत्राचा हिशेब नीट करावा: सोळा मिलिमीटर नळीचे शंभर मीटर शेजारी शेजारी चिकटून पसरले तर उन्हास फक्त १.६ चौरस मीटर मिळतात. ४० चौरस मीटरांस अडीच हजार मीटर नळी लागेल. तिसरी, ही नळी सलग एकात एक जोडू नये, नाहीतर पाणी पुढे सरकणार नाही. तीस-तीस मीटरांचे सुमारे ८४ तुकडे करून, शेतात मुख्य नळीवर जसे फाटे काढतो तसे, एका बाजूने पाणी आत व दुसऱ्या बाजूने बाहेर अशी समांतर जोडणी करावी. पंप बंद असता उन्हात या नळ्या नरम पडतात. म्हणून पंप सुरू करताना झडप हळूहळू उघडावी. तयार पॅनेलाइतके टिकाऊ हे काम नव्हे, परंतु लहान हौदास व हाती नळ्या असणाऱ्यास ते परवडते.

हीट पंपाविषयी

हल्ली हीट पंप नावाचे यंत्र मिळते. ते हवेतील उष्णता ओढून पाण्यात घालते. एक युनिट वीज खर्चून चार-पाच युनिट उष्णता देते. १२० युनिट उष्णतेस त्यास २४ ते ३० युनिट वीज लागेल. सौर विजेच्या एका किलोवॅट पॅनेलापासून दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. तेव्हा हे यंत्र सूर्यावर चालविण्यास सहा-सात किलोवॅटची पॅनेले हवीत. त्यांचे क्षेत्रही तीस-पस्तीस चौरस मीटर होते. म्हणजे छप्पर तितकेच अडते, आणि सामान अधिक व गुंतागुंतीचे लागते. ढगाळ दिवशी चालणे व उरलेल्या महिन्यांत वीज इतर कामी येणे हे त्याचे गुण आहेत. ज्याच्या छपरावर सौर वीज आधीच आहे व जी पुरून उरते, त्याने त्याचा विचार करावा. केवळ हौदासाठी सारे नव्याने घेणाऱ्यास काळी पॅनेलेच बरी. दोन्ही मार्गांत झाकणावाचून गत्यंतर नाही, हे पुन्हा सांगतो.

उन्हाळा आणि पाण्याची राखण

झाकणाचा खरा मोबदला उन्हाळ्यात कळतो. एप्रिल-मे महिन्यांत पठारावर उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते. दहा मिलिमीटर म्हणजे आपल्या हौदातून रोज ५०० लिटर, महिन्याला १५,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड टँकर पाणी कोणीही न वापरता नाहीसे होते. या दिवसांत उष्णता नको असते, म्हणून फिकट रंगाचे, अपारदर्शक आच्छादन वापरावे किंवा वर शेडनेट ताणावे. पाणी फारच ऊन झाले तर हीच काळी पॅनेले उलट कामी येतात: रात्री त्यांतून पाणी फिरविले असता ते उघड्या आकाशाखाली थंड होते.

ज्या गावास पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हौद बांधूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शेजारणी हंडे घेऊन रांगेत उभ्या असता आपल्या अंगणात पाहुण्यांनी डुंबावे, हे कोणत्याही धंद्यास शोभणारे नाही. पाणी पुरेसे असणाऱ्यानेही ते वारंवार बदलू नये. गाळणी व क्लोरीन यांवर एकच पाणी दीर्घकाळ चालते. ऊन पाण्यात जंतू व शेवाळ लवकर वाढतात आणि सूर्यप्रकाश क्लोरीन खातो, म्हणून क्लोरीन व पाण्याचा सामू रोज तपासावा. सामू ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवावा. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर काही तास आच्छादन काढून ठेवावे, नाहीतर ते लवकर कुजते.

जिवाची काळजी

शेवटी एक गोष्ट, जी सर्व हिशेबांहून मोठी आहे. तरंगते आच्छादन लहान मुलास जमिनीसारखे दिसते. त्यावर पाय पडला की ते वाकते व मूल त्याखाली जाते. वरून पाणी शांत दिसते व कोणास काही कळत नाही. म्हणून आच्छादन अर्धवट काढून पोहण्यास कोणासही उतरू देऊ नये. काढावयाचे तर पूर्ण काढावे, घालावयाचे तर पूर्ण घालावे. हौदाभोवती निदान १.२ मीटर उंच, मुलास चढता न येणारे कुंपण व आपोआप मिटणारे फाटक असावे. ऑस्ट्रेलियात घरगुती हौदास अशा कुंपणाची कायद्याने सक्ती आहे. आपण ती स्वतःवर घालून घ्यावी. पाणी ऊन झाले म्हणजे मुले अधिक वेळ व अवेळीही पाण्याकडे धाव घेतील, हेही विसरू नये.

तसेच शेततळ्यास कोणीही पोहण्याचा हौद समजू नये. त्याच्या उतरत्या कडांवरील प्लास्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणाराही बाहेर येऊ शकत नाही. अशा तळ्यांत माणसे बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पाहुण्यांस शेततळे दाखवावे ते कुंपणाबाहेरून, आणि तळ्यात गाठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवावी.

सारांश

कामाचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा. प्रथम कुंपण, मग झाकण व त्याचा रूळ, मग वाऱ्यास आडोसा, एवढे करून एक हिवाळा जाऊ द्यावा व रोज सकाळी पाण्याचे तापमान आणि पातळी टिपून ठेवावी. किती अंशांची तूट उरते ते त्या टिपणावरून कळेल, व तितक्यापुरतीच पॅनेले पुढल्या हंगामापूर्वी बसवावी. पुष्कळांस असे आढळेल की, जितके क्षेत्र घ्यावयाचे मनात होते त्याच्या निम्म्याने काम भागते. विहिरीचे पाणी वाढविण्याआधी पाटाची गळती बुजवावी, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. उष्णतेची गळती डोळ्यांस दिसत नाही, एवढाच काय तो फरक.